पक्क्या विटांचा सल्ला

प्राचीन भारतात गावांची नगरं कशी झाली, हा धडा मी सेक्टर सहामधल्या कारखान्याच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवला. मुलं जांभया देत. मन लावून ऐकणारी एकच भेटली, तिठ्यावर हातगाडीवर पोहे विकणारी बाई. गोंदियाकडची, विधवा. आम्ही नागपूरकडचे, त्यामुळे या हिंदी मुलखात बोलणं जुळायला वेळ लागला नाही. बशी हातात घेऊन मी तिला सांगायचो, जिथे वाटा मिळतात तिथे व्यापारी थांबतात, मग दुकानं येतात, आणि त्यातून नगर उभं राहतं.

“मंग माहं बी नगरच होऊन राहिलं म्हना,” ती हसायची.

मला चेव चढायचा. एकदा म्हणालो, “खोदकामात पक्क्या इटाचे घरं सापडतात, कुडाचे नाही. तू पक्कं बांध. मंग तुले कोन उठवते?”

जमीन कारखान्याची आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ऐकणारं माणूस मिळालं की माझी जीभ सैल सुटते.

तिनं बांधलं. नवरा गेल्यावर मिळालेले सगळे पैसे त्या चार भिंतींत घातले.

पावसाळा संपला आणि अतिक्रमण हटवणारे आले. हातगाडीवाल्यांना नुसतं हुसकावलं. ते संध्याकाळी परत येणारच होते. तिच्या दुकानापुढे मात्र जेसीबी उभा केला. मी नेमका तिथे पोहे खात होतो.

“सर, सांगा ना यायले,” ती म्हणाली. “तुमीच म्हनलं होतं ना मले, पक्कं बांध म्हनून.”

त्यांच्या साहेबानं माझ्याकडे पाहिलं. “आपने बोला था क्या?”

निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि राहतं क्वार्टर कारखान्याचं होतं. “मैं तो बस पोहा खाता हूँ यहाँ,” मी म्हणालो. मराठीत ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

भिंती पडायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. बशी कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून मी ती हातातच धरून उभा होतो. तिनं ढिगातून एक अख्खी वीट शोधली, माझ्याकडे आली, हातातली बशी काढून घेतली आणि वीट दिली.

“घेऊन जा, सर. पोरायले दाखवा.”

मला स्वतःची किळस आली, तरी मी वीट घेतली. लोक बघत होते. त्याच आठवड्यात सहावीला तो धडा होता. वीट मी घरीच ठेवली. पक्क्या विटांचं वाक्य मात्र नेहमीसारखं म्हटलं, आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.