इचलकरंजीहून आणलेली लेकरं

थोरली बहीण तापाचं निमित्त होऊन गेली. तेरावं झाल्यावर तिच्या दोन लेकरांना कोल्हापूरला आणायला मी इचलकरंजीला गेले. भाऊजी कापडाच्या मागावर पाळीत काम करायचे आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

एसटी सुटली तशी धाकटी रडायला लागली. मी रुमालाचा उंदीर करून तळहातावरून उडवला. ती खुदकन हसली आणि "पुन्हा, पुन्हा" म्हणू लागली. पाच वर्षांचा थोरला मात्र खिडकीशी गप्प बसून होता.

शेजारच्या सीटवरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "गुणाची हायत की पोरं! आई न्हाय आली?"

मी रुमालाची गाठ पुन्हा बांधू लागले. तेव्हा थोरलाच हळू आवाजात म्हणाला, "आई देवाघरी गेली. हिला ठाऊक न्हाय."

बाईंनी धाकटीला मांडीवर घेतलं. माझ्या हातून उंदराची गाठ सुटत होती. थोरल्यानं माझ्या हातातला रुमाल घेतला, वेडावाकडा उंदीर केला आणि कोल्हापूर येईपर्यंत तोच बहिणीला हसवत राहिला. स्वतः एकदाही हसला नाही.