कोयता न घेता रानात

माझं माहेर उत्रोलीचं, भोरजवळच्या सपाट भातखाचरांचं. लग्न होऊन हिर्डोशीकडच्या एका वाडीत आले आणि डोंगर रोजचा झाला. पण तो मी पाहिला म्हणजे काय, तर जाताना पायाखालची वाट आणि येताना डोक्यावरच्या मोळीखालून पुन्हा तीच वाट. सरपण गायरानातून आणायचं. त्याच्या वर हद्दीचे दगड होते आणि तिथून पुढे सरकारी राखीव जंगल.

बहात्तरच्या दुष्काळाआधी एकदोन वर्षांची गोष्ट. त्या जंगलात पुण्याची कॉलेजातली मुलंमुली यायची. पाठीवर पिशव्या, मुलींच्या अंगात विजारी. जंगलाचा गार्ड पुढे होऊन त्यांना वाट दाखवायचा. एकदा पाणवठ्यावर मी त्याला विचारलं, यांचं वर काम काय असतं?

"काम कसलं? फिराया आल्यात," तो म्हणाला.

ते माझ्या डोक्यातून जाईना. माझ्याएवढीच तर होती त्यांतली एक.

मार्गशीर्षात भाताची झोडणी उरकली तेव्हा मी थोरल्या जावेला म्हटलं, आक्का, आपण वर जाऊन येऊ. सासूबाई म्हणाल्या, सरपण आहे की घरात. मी म्हटलं, सरपणाला नाही, नुसतं जायचंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत सूप हातात घेतलं. भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून आम्ही निघालो.

हद्दीच्या दगडापाशी गार्डनं अडवलं. कोयता कुठं लपवलाय, असं विचारून त्यानं काठीनं आसपासची झुडपं झोडपली, फडकं सोडायला लावलं. भाकरीच निघाली तेव्हा तो आणखी चिडला. बिनकामाच्या बायकांनी जंगलात शिरायचं नाही, मागं फिरा, म्हणाला. आक्का वळली. मी तिचा हात धरला.

तिथं पत्र्याची पाटी होती. मी चौथी शिकलेली. बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचली. लाकूड तोडू नये. गुरं चारू नयेत. शिकार करू नये. विस्तव करू नये.

"बाईनं फिरू न्हाई, आसं कुठं लिवलंय ते दावा," मी म्हटलं.

तो म्हणाला, साहेबांना सांगीन. मी म्हटलं, जरूर सांगा, आणि नाव लिहून घ्या; नवऱ्याचं नको, माझं घ्या. आणि नाव सांगितलं. तो बाजूला झाला नाही. आम्हीच त्याला वळसा घालून वर गेलो.

माथ्यावर कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. इतकी वर्षं त्या डोंगरावर राबून आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आक्कानं डोक्यावरचा पदर खाली घेतला, पाय लांब करून बसली, आणि घरातले पुरुष जेवायच्या आधी जेवली. मग ऐनाच्या झाडाच्या सावलीत चक्क झोपली. मी तिला उठवलं नाही.

उतरलो तोवर गार्डनं घरी येऊन सांगितलं होतं. सासरे चार माणसांसमोर मला बोलले. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. थोरल्या दिरांनी आक्काला शपथ घातली; ती पुन्हा कधी आली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. वाडीत म्हणायचे, हिला काम पुरत नाही. भातलावणीला गुडघाभर चिखलात मी कुणाहून एक ओळ कमी लावली नव्हती.

पुढच्या मार्गशीर्षात मी गेलेच. शेजारच्या दोघी बरोबर आल्या. गार्ड लांबून बघत राहिला, आडवा आला नाही.

काही वर्षांनी माझ्या लेकीला घेऊन निघाले तेव्हा दीर ओट्यावर बसले होते. म्हणाले, आता हिलाबी बिघडिवणार का?

"व्हय," मी म्हटलं, आणि तिच्या पायात चपला घातल्या.