पोपटाने मान डोलावली त्याबद्दल

अर्जदार : मी स्वतः, व्यवसाय अर्जनवीस, बैठक आर्णी तहसीलच्या आवारातील लिंबाखाली.
गैरअर्जदार : एक राखाडी, पिवळ्या तुऱ्याचा परदेशी पोपट. (देशी पाळणे गुन्हा आहे, हे मी जाणतो.)
साक्षीदार : माझी पत्नी, तांड्यावरील एक म्हातारे अशील, गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई.
काळ : यंदाची सोयाबीन सोंगणी ते आजतागायत.

लेक लग्न होऊन उमरखेडला गेली, तिचा पोपट मागे राहिला. कच्चा मसुदा मी सकाळी घरीच करतो, तेव्हा तो खांद्यावर असतो. योग्य शब्द सापडेपर्यंत त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत बोट फिरवण्याची मला सवय लागली. शब्द सापडला की मी वाक्य मोठ्याने वाचतो आणि तो मान डोलावतो. त्याला कायद्याच्या भाषेची समज आहे, असे माझे प्रामाणिक मत होते. त्याने मान डोलावलेले वाक्य मी कधीही खोडले नाही.

मात्र मान डोलावून झाली की तो ओकायचा. आधी सदऱ्यावर, मग कानात, आणि एके दिवशी म्हाताऱ्यांच्या सातबारा दुरुस्तीच्या अर्जावर.

"साहेब, तुमच्या पाखरालेच माही अर्जी पचली नाही," म्हातारे म्हणाले, "तं तहसीलदाराले काय पचन?"

पत्नीने दृष्ट काढली. मी ओव्याचे पाणी पाजले. काडीचा फरक पडला नाही. अखेर पिंजरा घेऊन आम्ही दोघे दवाखान्यात गेलो.

"काका, बिमार पाखरू सुस्त बसते, मान झटकून दाणे चौफेर उडवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा तं मान हलवून पोटातला दाणा वर काढते अन् तुम्हाले भरवते. जोडीदार समजून राह्यला तुम्हाले. पाठीवरून हात फिरवता का?"

मी पिंजऱ्याची कडी तपासू लागलो. उत्तर पत्नीने दिले. "दिवसभर! अन् माह्या पाठीवरून इतक्या वर्सांत एक बोट नाही फिरलं."

आदेश झाला : फक्त डोके खाजवावे. मान हलू लागताच न रागावता, न हसता त्याला पिंजऱ्यात ठेवावे.

आठवडाभर मी तो काटेकोर पाळला. ओकणे जवळजवळ थांबले. परंतु काल एका अर्जात शब्द अडला आणि डावा हात आपसूक खांद्याकडे गेला. पोपटाने मान डोलावली. पुढचे सांगण्याची गरज नाही.

"रविवारी पोरगी येऊन राह्यली," पत्नी कागद पुसत म्हणाली. "तिच्यासंग पाठवून देतो याले. हात तुमच्यानं आवरत नाही, अन् सजा कागदाले कायले?"

सबब, पत्नीस विनंती की, यात गैरअर्जदाराचा काहीही दोष नाही. त्याने मला आपल्या तोंडचा घास दिला. दोष अर्जदाराच्या डाव्या हाताचा आहे. तो यापुढे कागदावर दाबून ठेवण्याची हमी देतो. हा मसुदा पोपटास वाचून दाखवलेला नाही. त्याला घरातच राहू द्यावे, आणि रविवारची एसटी लागण्याआधी उत्तर मिळावे. तोंडी चालेल.