धुतलेल्या पिशव्या

माझ्या शेजारणीला एकटीनं घर सांभाळणं जमणार नाही, असं एका शिकल्यासवरल्या बाईनं लिहून दिलं, तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती आणि स्वतःची बाग स्वतः खणत होती. मी पासष्टीची, आणि माझी बाग माझा नवरा खणायचा. आता बोला!

ही २००६ सालची, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधली गोष्ट. त्याच्या तीस वर्षं आधी आम्ही इथं राहायला आलो तेव्हा आजूबाजूला तंबाखूची शेतं होती आणि मराठी माणूस औषधालाही सापडायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून मागच्या दोरीवर वाळत घातल्या. आईच्या घरी मिळेल ती पिशवी अशीच धुऊन वाळायची, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला. कुंपणापलीकडून एक उंच बाई बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत गेली, हातात चार ओल्या पिशव्या घेऊन आली आणि तिच्या दोरीवर अडकवायला लागली. आमची मैत्री त्या दिवसापासूनची.

महामंदीच्या काळात ती शाळकरी पोर होती. पिठाच्या पोत्यांच्या कापडाचे फ्रॉक घालून वाढलेली. पोत्याची शिवण उसवली की निघालेला दोरासुद्धा तिची आई गुंडाळून ठेवायची आणि त्याचे रुमाल विणायची. त्यातला एक तिनं मला दिला होता. तिच्याकडे काहीही वाया जायचं नाही. टोमॅटो बरणीत जायचे, त्यांची सालं झाडांना. मी तिला सायीचं तूप कढवायला शिकवलं, तर तिनं बेरीसुद्धा टाकली नाही, साखर घालून खाल्ली. हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही!

तिचा मुलगा टेक्सासात, फ्रिस्कोला राहायचा. त्या वर्षी तो थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आला, ती बाहेर गेल्यावर त्यानं कपाट उघडलं आणि घडी घातलेल्या शे-दोनशे पिशव्या त्याच्या डोक्यावर आल्या. एवढंच झालं. दुसरा कुणी असता तर हसला असता. यानं म्हाताऱ्या माणसांची पाहणी करणारी एक तज्ज्ञ बाई नेमली.

ती बाई माझ्याकडेही आली. गोड बोलणारी, मांडीवर फॉर्म. "तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून ओळखता. त्यांच्या सवयी कशा आहेत?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आमच्याकडे एखाद्या बाईचं कौतुक करायचं तर तिची काटकसर सांगतात. कुठल्याही सासूनं सुनेबद्दल म्हणावं, कुठल्याही नणंदेनं भावजयीबद्दल, तसं मी सुरू केलं. कचरा म्हणून काही नसतंच तिच्याकडे. फॉइल धुते, पुसते, पुन्हा वापरते. दोऱ्याचा तुकडासुद्धा टाकत नाही. पिशव्या तर रोज धुते.

"रोज?" बाईनं पेन उचललं.

"रोज!" मी छाती फुगवून म्हणाले. ती भराभर लिहीत होती आणि मला वाटलं, मैत्रिणीला पैकीच्या पैकी मार्क मिळताहेत.

मग तिनं हसून विचारलं, "तुम्ही नाही ना असं काही करत?"

तिच्या आवाजात असं काही होतं की मी चपापले. माझ्या मागे, सिंकच्या वरच्या खिडकीत, सहा पिशव्या वाळत होत्या. मी पडदा ओढला आणि म्हणाले, "छे छे."

अहवाल आला. वस्तू साठवून ठेवण्याचा विकार, एकटीनं राहणं सुरक्षित नाही, शेजारणीनं दुजोरा दिला आहे. मुलानं तो मला वाचून दाखवला आणि वर माझे आभार मानले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विकार? दर दोन वर्षांनी धडधाकट सोफा फुटपाथवर टाकणारे शहाणे, आणि पिशवी धुणारी वेडी? मी त्याला तावातावानं सांगितलं, मी कौतुक करत होते. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. माझी मुलगीसुद्धा फोनवर म्हणाली, "आई, इट्स फॉर हर ओन सेफ्टी. तू उगाच इश्यू करू नकोस." मी फोन आपटला.

पुढच्याच महिन्यात तिला वृद्धांच्या निवासात नेलं. तिच्या दारात एक भलामोठा लोखंडी कचराडबा येऊन उभा राहिला आणि दोन दिवसांत तीस वर्षांच्या बरण्या त्यात फुटल्या. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होता.

निवासात तिला एक खोली होती आणि करायला काहीही नव्हतं. जेवणानंतरचे कागदी रुमाल ती घडी घालून खणात ठेवायची, आणि तिथली मुलगी रोज दुपारी खण रिकामा करायची. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरून सगळं सांगितलं. माझ्यामुळे झालं, मी भाबडेपणानं तुझ्या पिशव्यांचं कौतुक केलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "पण तू तिला सांगितलंस ना, की तूही धुतेस?"

"हो," मी म्हणाले.

तिचा चेहरा खुलला. "मग तिनं आपल्या दोघींनाही इथं आणायला हवं होतं," ती म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या बाजूला पलंगावर माझ्यासाठी जागा आहे, हे तिनं थोपटून दाखवलं.

वसंत यायच्या आत ती गेली. त्या बाईचा मला राग येतो, त्या मुलाचा येतो. पण त्यांनी निदान तिच्या तोंडावर खोटं सांगितलं नव्हतं.