मॅरियनबाईंची चूक

सिंगापूरच्या सेम्बावांग स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर सकाळच्या गर्दीत उभी होते, तेव्हा मॅरियनबाईंच्या भाचीचा मेसेज आला. ‘मावशी काल दुपारी गेली. झोपेतच. तुम्हाला कळवायचं, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.’ समोर एमआरटी ट्रेनचे दरवाजे उघडले, मिटले... मी तिथेच उभी राहिले. त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. मॅरियन नावाच्या त्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ बाई माझ्या कोण होत्या, हे मला अजूनही एका शब्दात सांगता येत नाही.

मी अमरावतीची. पुण्यात एम.एस्सी. झाले आणि इथल्या एका वैद्यकीय संशोधन विभागात लागले. बाई तिथे सल्लागार होत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, उंच, काटकुळ्या, पायांत बारा महिने कापडी बूट. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मला नुसतं मॅरियन म्हण.” ते काही माझ्या जिभेला जमलं नाही. समोर ‘प्रोफेसर’ आणि घरी नवऱ्याशी बोलताना ‘मॅरियनबाई’ असंच शेवटपर्यंत चाललं.

यिशुन भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या रक्तदाबाच्या नोंदी हे माझं पहिलं काम. मी मोठ्या हौसेनं आलेख काढून नेले. बाईंनी ते बाजूला ठेवले, मूळ आकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “सगळे आकडे शून्यावरच संपतात. माणसांचं रक्त इतक्या शिस्तीत वाहतं का गं?” दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या थेट यिशुनच्या रक्तदाब तपासणी केंद्रावर गेल्या. नर्स एकटी, समोर ही रांग. काट्याजवळचा गोल आकडा लिहून ती बिचारी पुढच्या माणसाला बोलावत होती. मला वाटलं, आता हिची तक्रार होणार. पण बाईंनी खुर्ची ओढली, नावं लिहून घेण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि दुपारपर्यंत तिथेच बसल्या. परतताना एवढंच म्हणाल्या, “तिचं चुकत नाहीये. आपण तिला वेळच दिला नव्हता.” नंतर वरिष्ठांशी भांडून त्यांनी तिथे दुसरी नर्स आणायला लावली. मी इतकी वर्षं आकडे शिकले होते, पण आकडा लिहिणारा हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं लहानसं गाव, वडील धान्याच्या गोदामात तोलाईला. विद्यापीठात गेल्या, तेव्हा मुलींना गणितयंत्रावर बसवून मुलांच्या बेरजा तपासायला देत. या बेरजा करता करता ‘ही बेरीज कशासाठी?’ असं विचारायला लागल्या, आणि विचारतच राहिल्या. औषधाची चाचणी अर्ध्यात सोडून जाणाऱ्या रुग्णांचा हिशोब कसा धरायचा, याची त्यांनी शोधलेली पद्धत पुढे जगभर वापरली गेली. नवरा वारल्यावर एका वर्षासाठी म्हणून सिंगापूरला आल्या, बिशानला भाड्याचा फ्लॅट घेतला आणि इथल्याच झाल्या.

त्याच पद्धतीत मला चूक सापडली.

आधी वाटलं, माझंच चुकतंय. आठवडाभर रोज नव्यानं गणित मांडलं. रुग्ण थोडे असले, की त्या पद्धतीनं औषधाचा गुण होता त्यापेक्षा पक्का दिसत होता. नवरा, प्रशांत, वैतागला. “वैशाली, तुझा इथला वर्क पास रिन्यू व्हायचाय. त्यावर शिफारस कोणाची लागणार? त्यांचीच ना? कशाला नसती आफत ओढवून घेतेस?” त्याचं खोटं नव्हतं. तरीही मी कागद घेऊन बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले. “ठेवून जा,” म्हणाल्या. पुढचे तीन दिवस त्या आल्याच नाहीत. चौथ्या दिवशी फोन आला. “तुझं बरोबर आहे. माझं चुकलं.” मग हळूच, “यावर विसंबून कोणी कोणी औषधं घेतली असतील गं?”

महिन्याभरानं त्यांच्या सत्काराचं व्याख्यान होतं. सभागृह भरलेलं. विभागप्रमुखांनी सुचवलं होतं, की नंतर एक छोटीशी दुरुस्ती छापू, आज नको. बाई म्हणाल्या होत्या, “चूक छोटी असती, तर तेवढ्यानं भागलं असतं.” त्या उभ्या राहिल्या आणि पूर्ण तासभर स्वतःची चूक फळ्यावर पायरी पायरीनं समजावून दिली. शेवटी मला हाताला धरून उभं केलं. “हिनं शोधली. मला ती इतक्या वर्षांत दिसली नाही.” टाळ्या वाजत होत्या आणि मला रडू आवरत नव्हतं. माझ्या पासची शिफारस त्यांनी चूक कळली त्याच आठवड्यात लिहून टाकली होती, हे मला फार नंतर समजलं. त्यानंतरची दोन वर्षं, ऐंशीच्या घरातल्या या बाई ती पद्धत वापरणाऱ्या एकेका संशोधकाला शोधून पत्रं लिहीत होत्या. काहींनी उत्तरही दिलं नाही. त्यांना त्या पुन्हा लिहायच्या.

गेल्या शनिवारी पुस्तकं लावायला भाचीनं बिशानला बोलावलं. कपाटाच्या तळाशी एक खोका निघाला. आत त्यांच्या त्या जुन्या शोधनिबंधाच्या छापील प्रती, कडा पिवळ्या पडलेल्या. पहिली उघडली. चुकीच्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारलेली, शेजारी बरोबर पायरी आणि खाली दोन वाक्यं: ‘ही चूक माझी. दुरुस्ती वैशालीची.’ दुसरी उघडली, तेच. तिसरी... खोक्यातली प्रत्येक प्रत त्यांनी हातानं दुरुस्त केली होती. मी जमिनीवर बसून एकेक उघडत गेले. शेवटच्या काही प्रतींवर अक्षर पार कापरं झालंय, ओळी खाली घसरल्यात. पण पहिलं वाक्य त्यांनी एकाही प्रतीत गाळलेलं नाही.