अर्थिंगला घातलेलं पाणी

कानिफनाथ वायरमनला काम करता करता मध्येच थांबून कुठेतरी बघत बसायची सवय होती. हातात पक्कड, दातांत टेपचा तुकडा आणि नजर पार लांब. नवख्या माणसाला वाटे, हा उभ्या उभ्या झोपला. पण तो झोपलेला नसायचा, तो करंटच्या मागे मागे चाललेला असायचा. लहानपणी नेवाशाला प्रवरेच्या काठावर पालथं पडून तो तासन्‌तास पाणी बघत राही. पुढे आयटीआय करून वीज हातात आली, तीही त्याला तशीच वाहती वाटली. बिचारी खांबाखांबावरून लांबून येते, दिवसभर राबते, वाट चुकली की जमिनीत आपल्या घरी जायला बघते. पन्नाशी उलटली तरी त्याचं हे वेड गेलं नव्हतं, आणि बायकोने समजूत घालायचं कधीच सोडून दिलं होतं.

सुप्याच्या एमआयडीसीत पशुखाद्याच्या एका कारखान्यात तो उन्हाळ्यात लागला. आधीचा वायरमन अजिनाथ काम सोडून परगावी गेला होता. त्याची करामत बघून कानिफनाथला हसावं की रडावं कळेना. फ्यूजच्या जागी जाडजूड तार, जोडांवर टेपऐवजी पेंडीच्या गोणीचं प्लास्टिक. या माणसाच्या हातात कुणी पक्कड दिली असेल, असं त्याच्या मनात आलं. पण खरी धास्ती वाटली ती मिक्सरची. त्याच्या पत्र्याला टेस्टर लावला की टेस्टर पेटायचा, आणि त्या पत्र्याला खेटून सहा बाया रोज काम करत होत्या.

"चावतंय का वो हे?" त्याने विचारलं.

"चावतं की कधी कधी," रतनबाई म्हणाल्या. त्या कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या कामगार. "मग मी येक घागर जादा घालते."

घागर म्हणजे काय, ते त्यांनी शेडच्या मागे नेऊन दाखवलं. तिथे अर्थिंगचा खड्डा होता. मशीनच्या अंगात उतरलेला करंट लोखंडी पट्टीवाटे खाली जमिनीत जावा म्हणून अजिनाथने केलेला. झाकणावर हळद-कुंकू, कडेला झेंडूची दोन रोपं. मशीन चावू नये म्हणून इथली जमीन ओली ठेवा, असं अजिनाथने सांगितलं होतं. अकरा वर्षं रतनबाई रोज सकाळी घागर ओतत होत्या. सल्ल्यात खोट नव्हती. कानिफनाथनेही हेच सांगितलं असतं.

"येकदाच चुकलं," रतनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सा वर्सं झाली. भाचीच्या लग्नाला दोन दिस गेल्ते. पानी घाल म्हनून कुनाला सांगायचं राह्यलं. दुसऱ्या दिशी मशीननं मालनबाईला फेकलं. उजवा हात गेला तिचा. घोडेगावला माघारी गेली. आमी येका डब्यात जेवायचो, दादा. तवापासून मी तिच्या दारात गेले न्हाई. कोन्त्या तोंडानं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी कानिफनाथने मिक्सर बंद करायला लावला आणि खड्डा उकरायला घेतला. ओल धरून ठेवायला लागणारा कोळसा नाही, मीठ नाही, नुसती माती. मधोमध उभा पाइप, चंदेरी, आणि वरच्या टोकाला पट्टी बोल्टने अगदी नीट आवळलेली. पाइपवर कुदळ लागली तेव्हा आवाज भलताच आला. त्याने चाकूने चंदेरी रंग खरवडला. आतून प्लास्टिक निघालं.

तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. समोर डोंगरावर पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत होती, शेडमधून मळीचा गोड वास येत होता. त्याला दिसत होता तो अकरा वर्षं या दारापर्यंत येऊन परत फिरणारा करंट. दाराला कुलूप, मग तो पुन्हा पत्र्यात जाई आणि तिथे कुणाचा तरी हात लागायची वाट बघे. एका लोखंडी पाइपाचे पैसे वाचवण्यापायी. कानिफनाथला अजिनाथचा असा राग आला की त्याने तो पाइप हिसडा देऊन उपटून काढला.

मॅनेजर राधाकृष्ण साहेब येऊन बघून गेले. "नवीन अर्थिंग करून घ्या, लागेल ते सामान मागवा. पण बायांना सांगू नका. रतनबाईंची श्रद्धा आहे, ती कशाला मोडायची?"

हे कानिफनाथला घटकाभर पटलंही. एवढ्या वर्षांच्या घागरी वाया गेल्या, हे म्हातारीला कोणत्या जिभेने सांगायचं? मग त्याला ते लग्नाचे दोन दिवस आठवले. त्याने रतनबाईंना हाक मारली आणि पाइप त्यांच्या हातात दिला.

"मावशी, ह्ये लोखंड न्हाई."

त्यांनी तो हातावर तोलून पाहिला. "लई हलका हाय. मंग मी घातलेलं पानी?"

"वाया गेलं. समदं," तो म्हणाला. त्या खाली बघत राहिल्या. तरी तो पुढे बोलला. "आन त्या दोन दिसांत घातलं आसतं, तर तेबी वायाच गेलं आसतं. मालनबाईचा हात तुमच्यामुळं गेला न्हाई."

रतनबाई खड्ड्याशेजारी बसल्या. पदराने पाइपवरची माती पुसत राहिल्या, पुन्हा पुन्हा, जणू त्याखाली काही लिहिलेलं होतं.  

दुपारपर्यंत नवा लोखंडी पाइप उतरला, कोळसा-मिठाचे थर पडले, पट्टी जोडली गेली. मिक्सर सुरू करून पत्र्याला लावलेला टेस्टर विझलेलाच राहिला. कानिफनाथने भरलेली घागर रतनबाईंपुढे केली.

"घाला मावशी. आता पोचंल."

रतनबाईंनी नको म्हणून मान हलवली. त्यांनी साहेबांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. जुन्या पाइपचा वीतभर तुकडा त्यांनी कापून मागितला आणि पिशवीत डब्याशेजारी ठेवला.

"आज तुमी घाला, दादा. मला घोडेगावची गाडी गाठायचीय." फाटकापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आन दोन घागरी घाला. येक मालनची."