मिस्त्रींची सीट

मावशींना कुणी हट्टी म्हटलं असतं, तोंडाळ म्हटलं असतं, तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण पोटच्या मुलाने दारात चपला काढता काढता, "आई, घराला कुत्र्यांचा वास येतोय," असं म्हटलं आणि मावशींचं डोकं सणकलं. ज्या बाईने उभी नोकरी बस डेपोत बसगाड्या आतून साफ करण्यात घालवली, तिने हे ऐकून घ्यायचं? प्रवासी सीटखाली काय काय करून ठेवतात ते चारचौघांत सांगायची सोय नाही. ते सगळं मावशींनी नाकाला रुमाल न लावता निपटलं होतं.

मुलाला भांडायचं नव्हतं. त्याची बायको बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, आणि पुढच्या महिन्यात मायलेकींना घेऊन तो इथेच राहायला येणार होता. "पण एवढ्याशा पोरीला या वासात कसं ठेवू? नाहीतर या दोघांसाठी दुसरी जागा बघतो," तो म्हणाला.

दोघं म्हणजे ढब्बू आणि काडी. मोडक्या बसखाली जन्मलेली ही भावंडं मिस्त्रींनी, म्हणजे मावशींच्या नवऱ्याने, डेपोतून हत्यारांच्या पेटीत घालून घरी आणली होती. मिस्त्री गेले तेव्हापासून मावशी दिवसभर यांच्याशीच बोलत. कुत्री उलट उत्तर देत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी काडीला आंघोळ घालून बघावी.

"काही बघू नकोस," मावशी म्हणाल्या. "माझी नात याच घरात येणार, आणि ही दोघं कुठेही जाणार नाहीत."

मुलगा गेला आणि मावशींनी फिनेलची बाटली काढली. फरशी इतकी पुसली की पाय ठरेना. वर सुगंधी फवारा मारला. मग मात्र पंचाईत झाली. वास गेला की नाही, हे कळायचं कसं? डेपोतल्या एकाही ड्रायव्हरला स्वतःच्या बसचा वास येत नसे. तशीच आता मावशींच्या नाकाची गत झाली होती. बाहेरचं नाक हवं होतं, आणि तेही खडूस. मावशींनी मन घट्ट केलं आणि नणंदेला फोन लावला.

लग्न झाल्यापासून वहिनीच्या हातचं काही म्हणजे काही या बाईला पसंत पडलं नव्हतं. त्या आल्या, दारातच थांबल्या आणि त्यांनी निकाल दिला. "वहिनी, आधी नुसता कुत्र्याचा वास होता. आता कुत्रा नटूनथटून पार्टीला निघालाय."

मावशींनी राग गिळला. "वन्सं, दर दोन-तीन दिवसांनी येत जा. खरं ते सांगा. माझ्या तोंडाकडे बघू नका."

वन्संना आयुष्यात इतकं महत्त्व कुणी दिलं नव्हतं. त्या न चुकता येऊ लागल्या.

मावशींनी फवारा फेकून दिला आणि डेपोची पद्धत लावली. सुरुवात मागच्या टोकापासून, आधी कोरडं, मग ओलं. रबरी हातमोजा ओला करून गाद्यांवरून, पडद्यांवरून फिरवला की केसांचे बोळे निघत. कुत्र्यांना विंचरायचं ते अंगणात. बाहेरून आल्यावर दारातच पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांची अंथरुणं कडक पाण्यात धुऊन कडक उन्हात. ढब्बूचे कान आतून आंबूस झाले होते. डॉक्टरकडून औषध आणून घातलं. काडी एका कोपऱ्यात परत परत का मुतते हेही कळलं. वरवर पुसलेल्या जागी तिला आपलाच जुना वास लागत होता. तिथे व्हिनेगर घातलेल्या पाण्याने फरशीच्या फटीसुद्धा घासल्या. मावशींची कंबर धरली, गुडघे बोलू लागले. त्यांनी गुडघ्यांचं ऐकलं नाही.

"कमी झालाय," वन्सं म्हणायच्या, "पण आहे."

"कुठे आहे? दाखवा ना!" एका दुपारी मावशी चिडल्या. मुलगा येण्याचा दिवस तोंडावर आला होता.

वन्सं डोळे मिटून घरभर फिरल्या आणि खिडकीपाशी थांबल्या. "इथे."

तिथे मिस्त्रींची सीट होती. भंगारात निघालेल्या बसची दोन माणसांची सीट त्यांनी घरी आणून तिला पाय जोडले होते. अर्ध्या सीटवर ते बसत, अर्ध्यावर ढब्बू. ते गेल्यावर ढब्बूने सगळी सीट बळकावली. मावशी तिच्यावरची धूळ तेवढी झटकत. संध्याकाळी सीटच्या पाठीला गाल टेकून बसत आणि डोळे मिटत. फरशी वास धरत नाही, सीटचा फोम धरतो, हा पहिला धडा त्यांनी डेपोत प्रत्येक नव्या बाईला दिला होता. घरातल्या या एका सीटपुरता तो त्या सोयीने विसरल्या होत्या.

"तिथे नाही," मावशी म्हणाल्या. "तो यांचा वास आहे."

वन्सं एरवी फटकन बोलल्या असत्या. आज त्या वाकल्या, सीटच्या पाठीला नाक लावलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"वहिनी, दादाचा वास मी लहानपणापासून ओळखते," त्या हळूच म्हणाल्या. "हा ढब्बूचा आहे."

मावशी सीटसमोर फरशीवरच बसल्या. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं त्यांना. वन्संचा राग आला, कुत्र्याचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. ढब्बू शेपटी हलवत आला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. मावशी त्याच्या कानांमागे खाजवत भरपूर रडल्या. वन्संनी त्यांना रडू दिलं.

मग मावशींनी नाक पुसलं. "वन्सं, ती मोठी कात्री द्या."

कव्हर फाडल्यावर आतून असा भपकारा आला की मावशींच्या निबर नाकालासुद्धा झोंबला. पिवळा पडलेला फोम दोघींनी मिळून ओढून काढला आणि कचऱ्यात घातला. सांगाडा तेवढा ठेवला. पाय मिस्त्रींच्या हातचे होते. नवा फोम आला, त्याच्यावर रेक्झीन, वर चेनची सुती कव्हरं. एक घातलेलं, एक धुवायला.

मुलगा आला त्या दिवशी सून बाळाला घेऊन दारात थांबली. दोघांनी एक मोठा श्वास घेतला. सुनेचा चेहरा खुलला. मुलाचा मात्र पडला.

"आई," तो आत डोकावत म्हणाला, "कुत्री कुठे आहेत? मी आपलं बोलून गेलो गं. खरंच देऊन टाकलीस?"

मावशींनी त्याला क्षणभर तसंच झुरू दिलं. एवढा हक्क त्यांनी कमावला होता. मग अंगणाचं दार उघडलं. पाय पुसून तयार असलेली दोन्ही कुत्री त्याच्या अंगावर धावली आणि तो दारातच फतकल मारून बसला.

सुनेने बाळाला जरा टेकवायला म्हणून सीटवर ठेवलं. बाळाने तिथल्या तिथे सीट ओली केली.

सून ओशाळली. आजही न चुकता आलेल्या वन्संनी नाक पुढे केलं. ढब्बूने सीट हुंगली आणि 'मी नाही' अशा नजरेने मावशींकडे पाहिलं.

"माहितेय रे मला," मावशी त्याला म्हणाल्या. त्यांनी नात उचलून मुलाच्या हातात दिली आणि कव्हराची चेन ओढली.